बाईंच्या चेहऱ्यावरचं उत्तर

आमच्या हिच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं म्हटलं तर तो तिच्यावर अन्याय होईल. पोटात राहते. तोंडावाटे तर मुळीच बाहेर पडत नाही. फक्त ती चेहऱ्यावर येऊन बसते, आणि तिथे बसलेली सगळ्या जगाला दिसते. हिला तेवढं माहीत नव्हतं. आपण पक्क्या आतल्या गाठीच्या आहोत अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तेवढ्या काळात मला चकित करण्याचे हिने चार प्रयत्न केले आणि चारही दारातच फसले. एकदा माझ्यासाठी घड्याळ आणून कपाटात लपवलं होतं. मी कपाटाच्या जवळ गेलो की हिच्या भुवया वर जायच्या, लांब गेलो की खाली यायच्या. मी खोलीत सहज म्हणून तीन फेऱ्या मारल्या आणि कुठल्या कप्प्यात आहे तेही समजून घेतलं. पत्ते खेळताना तर मला स्वतःच्या हातातली पानं बघायचीही गरज पडत नसे. हिच्याकडे एक्का आला की हिला त्या एक्क्याचं इतकं कौतुक वाटायचं, की ते कानापर्यंत पसरायचं.

हे मी तिला कधी सांगितलं नाही. का सांगावं? माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या तोंडाकडे बघणं हाच माझा धंदा, आणि घरी आल्यावर तो फुकटात उपयोगी पडत असेल तर आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल? तसा मी काही फार थोर माणूस नाही. पुढे जे घडलं त्यातही माझा थोरपणा कुठे सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ही एका शाळेत ग्रंथपाल आहे. दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला तिची खोली. पाच कपाटं, त्यातल्या तिसऱ्याचं दार खालच्या कोपऱ्यात गुडघा मारल्याशिवाय उघडत नाही. मधोमध एक लांब टेबल. त्याच्या एका आखूड पायाखाली जुन्या शब्दकोशाचा चौथा खंड घातलेला आहे, त्यामुळे त्या शाळेत ‘प’पासून ‘म’पर्यंतच्या शब्दांचे अर्थ कोणालाच पाहता येत नाहीत. शिक्षकांच्या लेखी ही शिक्षिका नाही. कोणी रजेवर गेलं की “बाई, जरा वर्ग सांभाळता का?” एवढ्यापुरती ती त्यांना आठवते. शाळेच्या वार्षिक फोटोत ती सगळ्यात कडेला असते, आणि एका वर्षी तर फोटोवाल्याने तिचा अर्धा खांदा तेवढा घेतला होता.

पण सोमवार, बुधवार आणि शुक्रवार शाळा सुटल्यावर एक तास ती खोली हिची असायची. सहावी ते आठवीच्या मुलांची प्रश्नमंजूषा ती तिथे घ्यायची. अकरा वर्षं. वर्षातून एकदा आंतरशालेय स्पर्धा व्हायची, हिची मुलं मोठ्या थाटात जायची आणि पहिल्याच फेरीत गारद होऊन यायची. एकदा सहा शाळांत पाचवा नंबर आला होता, कारण सहाव्या शाळेची बस वाटेत बंद पडली. आमच्या घरी त्याही दिवशी आनंदीआनंद होता.

या वर्षी मात्र गणिताच्या सरांची नजर त्या खोलीवर पडली. त्यांना जादा तास घ्यायला जागा हवी होती. मुख्याध्यापिका तशा सरळ बाई. त्यांनी हिला बोलावून सरळच सांगितलं, “बाई, अकरा वर्षं झाली. या वेळी पहिली फेरी पार केलीत तर तास तुमचा. नाहीतर तो गणिताला देते.”

ही घरी आली. मी विचारलं, “काय झालं?”

“कुठे काय? काही नाही.”

चेहरा असा की मी मुकाट्याने उठून चहा ठेवला.

तरीपण हिला एक मोठा आधार होता. या वर्षीचा संघ. अकरा वर्षांत असा संघ झाला नव्हता म्हणे. तीन मुलं. एक सातवीतली मुलगी, अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार, तिला सगळी शाळा टाचणी म्हणायची. एक आठवीतला मुलगा, सतत कुठेतरी हरवलेला, त्याचं नाव ढग. आणि तिसरी मावशी. मावशी सहावीत होती, पण बोलायची अशी की तिने दोन सुना नांदवल्या असाव्यात. सरावात ही वीस प्रश्न विचारायची, प्रत्येकाला चार पर्याय, आणि तिघं मिळून अठरा-एकोणीस बरोबर द्यायची. रोज रात्री जेवताना मला आकडा ऐकावा लागायचा.

“मुलं नाहीत हो ती, चालतेबोलते विश्वकोश आहेत!” ही म्हणायची. स्टाफरूममध्येही सांगून झालं होतं. गणिताच्या सरांना तर मुद्दाम जिन्यात गाठून सांगितलं होतं.

स्पर्धेला बारा दिवस उरले आणि हिचा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. सराव बुडवायचं जिवावर आलं, मग हिने प्रश्नांच्या पत्त्यांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला आणि हातवारे करून मला शाळेत पिटाळलं. मी कुरकुर केली, पण दुकान बंद करून गेलो.

तिघं टेबलापलीकडे बसली होती. मी पहिला प्रश्न वाचला. “माणसाच्या शरीरातलं सर्वांत लांब हाड कोणतं? एक, दंडाचं. दोन, मांडीचं. तीन, नडगीचं. चार, बरगडी.”

तिघं माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आता माझं तोंड म्हणजे दुकानदाराचं तोंड. गिऱ्हाइकाने कितीही भयंकर फ्रेम डोळ्यांवर चढवून “कशी दिसते?” म्हणून विचारलं, तरी ते हलत नाही. थोड्या वेळाने टाचणी म्हणाली, “बरगडी?”

वीस प्रश्नांत दोन बरोबर आले. त्यातला एक ढगाने झोपेतून जागं झाल्यासारखा दिला, त्याचंही त्याला आश्चर्य वाटलं.

“काका,” टाचणी वैतागून म्हणाली, “तुम्ही नीट वाचत नाही.”

“नीटच वाचतोय. चष्मा आहे मला.”

“तसं नाही. बाई वाचतात तसं वाचा ना.”

“बाई कसं वाचतात?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मावशीने हाताची घडी घातली आणि मला समजावलं, “काका, बाई वाचतात ना, तेव्हा आपोआप कळतं.”

घोडं कुठे पेंड खातंय ते मला तिथल्या तिथे दिसलं. दिसणारच. सव्वीस वर्षं मी त्याच पेंडीवर पोसलो होतो.

शाळेपासून घर दहा मिनिटांवर आहे. मला त्या दिवशी अर्धा तास लागला. न सांगावं, तर बारा दिवसांनी भरल्या सभागृहात हिचं हसं होणार आणि अकरा वर्षांचा तास गणिताच्या घशात जाणार. सांगावं, तर पत्ते गेले, सगळंच गेलं. शेवटी सांगायचं ठरवलं. त्यात चांगुलपणा किती आणि हिला स्टेजखाली रडताना बघावं लागेल ही भीती किती, ते मला विचारू नका.

मी सांगितलं. हिने बसलेल्या घशातून एकच शब्द काढला, “खोटं.”

“बरं. घे एक पत्ता. मला ज्याचं उत्तर माहीत असणं शक्य नाही असा काढ. पर्यायांवरून नुसतं बोट फिरव आणि मनात वाच. बोलू नकोस.”

हिने शोधून शोधून पत्ता काढला. नदीतल्या कुठल्याशा माशाचं शास्त्रीय नाव. चारही नावं मला सारखीच अगम्य होती. बोट तिसऱ्या नावावर आलं आणि नाकपुड्या किंचित फुलल्या.

“तीन,” मी म्हणालो.

असे पाच पत्ते झाले. पाचही बरोबर. हातच्या काकणाला आरसा कशाला? मग काहीतरी लक्षात येऊन तिने माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे आपले पत्त्यांचे डाव?” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“हो.”

“घड्याळ?”

“हो.”

“सव्वीस वर्षं?”

मी उठून खिडकी उघडली. पुढचे दोन दिवस ही माझ्याशी बोलली नाही. घसा बसला म्हणून की राग आला म्हणून, हे विचारायची मला गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी थोडा आवाज फुटल्यावर ती शाळेत गेली आणि तिने मुलांना समोर बसवून विचारलं. मीही होतो, कारण साक्षीदार म्हणून मला ओढून नेलं होतं.

“तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून उत्तरं देता?”

तिघं गोंधळली. लबाडी केल्याचा भाव कोणाच्याच तोंडावर नव्हता. टाचणी म्हणाली, “नाही बाई! आम्हाला येतात उत्तरं. तुम्ही विचारलं की येतात.”

“बाई, कसं आहे,” मावशी पुढे सरसावली, “चुकीचा पर्याय वाचताना तुम्हाला त्याची दया येते. आणि बरोबरचा आला की बरं वाटतं. आम्हालाही बरं वाटतं. मग आम्ही तोच सांगतो.”

“आणि अभ्यास?”

“करतो ना,” ढग म्हणाला. “पण लागत नाही.”

ही त्यांच्यावर रागावली नाही. खुर्चीवरून उठली, तिसऱ्या कपाटाच्या मागे गेली आणि तिथून तिचा आवाज आला, “प्रश्न पहिला!”

विसांत तीन.

“आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?” मी आपलं म्हणालो.

कपाटामागून उत्तर आलं, “मग आड भरू. तुम्ही घरी जा.”

नऊ दिवस ती कपाटामागून प्रश्न विचारत होती. मुलांनी आधी तोंडं वाकडी केली. टाचणीने एक दिवस पलीकडच्या कपाटाच्या काचेत बाईंचं प्रतिबिंब दिसतं का तेही बघून घेतलं, मग हिने काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं. पण हळूहळू मधल्या सुट्टीत तिघं खोलीत दिसायला लागली. पुस्तकं घरी जायला लागली. ढग जिन्यात वाचता वाचता एका पायरीवरून पडला, याचा तर हिला इतका आनंद झाला की तिने त्याच्या गुडघ्याला स्वतः औषध लावलं. शेवटच्या शुक्रवारी विसांत अकरा झाले. त्या रात्री ही जेवताना आकडा सांगून गप्प बसली. एकोणीस येत होते तेव्हा तिला जिंकायची खात्री होती. अकरा आले आणि ती पहिल्यांदा घाबरली.

स्पर्धा दुसऱ्या एका शाळेच्या सभागृहात होती. स्टेजवर सहा टेबलं, प्रत्येकावर एक बटण आणि एक दिवा. आमचं टेबल चौथं. आधी बटण दाबेल त्याने उत्तर द्यायचं. बरोबरला एक गुण, चुकला तर एक वजा, वीस प्रश्न, आणि सहांतले पहिले दोन संघ पुढच्या फेरीत. दारातच एका मुलीने हिच्या खांद्याजवळ बिल्ला लावला. त्यावर छापलं होतं, ‘मार्गदर्शक शिक्षक’. ही खुर्चीवर बसेपर्यंत तीनदा त्याला हात लावून झाला. शिक्षकांसाठी पहिली रांग राखून ठेवली होती, स्टेजच्या अगदी समोर. मला तिचा नवरा म्हणून शेजारची खुर्ची मिळाली.

प्रश्न वाचणारे गृहस्थ तपकिरी कोटातले, चेहरा बंद दुकानाच्या शटरसारखा. त्यांना बघून माझा जीव भांड्यात पडला. इथे काही दिसणार नव्हतं.

“प्रश्न पहिला. आवाज सर्वांत वेगाने कशातून जातो? एक, हवा. दोन, पाणी. तीन, पोलाद. चार, निर्वात पोकळी.”

चौथ्या टेबलाचा दिवा लागला. “पोलाद!” टाचणी ओरडली. बरोबर. हिने जोरात टाळ्या वाजवल्या.

“प्रश्न दुसरा. तीन हृदयं कोणाला असतात? एक, मगर. दोन, ऑक्टोपस…”

चार पर्याय संपताक्षणी चौथा दिवा. बरोबर. हिचे हात टाळीसाठी वर गेले आणि मधेच थांबले.

“अहो.”

“हं.”

“मुलं माझ्याकडे बघत होती.”

मीही पाहिलं होतं. शटरकडे स्टेजवर कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. तिघांची तोंडं सरळ पहिल्या रांगेकडे वळली होती. सवय. त्यांच्या ते गावीही नसावं.

आता खरं सांगतो. मी हळूच म्हणालो, “बस गप्प. चेहऱ्याविरुद्ध नियम नाही कुठे.”

हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बूट पाहायला लागलो. मग ती उठली, दोन्ही हातांनी खुर्ची उचलली आणि उलटी ठेवली. फरशीवर पाय असे किंचाळले की शटरसुद्धा दचकलं. स्टेजकडे पाठ आणि दोनशे प्रेक्षकांकडे तोंड करून ही बसली.

बिल्ले लावणारी मुलगी धावत आली. “मॅडम, स्टेज तिकडे आहे.”

“माहीत आहे.”

“मग?”

“माझी मान दुखते.”

मान दुखत नाही हे त्या मुलीलाही दिसलं, पण ती बिचारी निघून गेली.

तिसरा प्रश्न झाला. हिच्यासमोर तिसऱ्या रांगेत एक जाडजूड गृहस्थ बसले होते. ते बायकोला म्हणाले, “दोन नंबर.” उत्तर खरंच दोन निघालं. चौथ्या प्रश्नाला डावीकडची अर्धी बाजू कुजबुजली, “एक, एक.” नातवासोबत आलेल्या एक आजी आनंदाने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अगंबाई, मला तर सगळंच येतंय की!” पाचव्या प्रश्नाला सभागृहाने एका सुरात “चार!” म्हटलं आणि निळ्या स्वेटरवाल्या संघाने ते ऐकून बटण दाबलं.

“प्रेक्षकांनी उत्तरं सांगू नयेत!” शटर कडाडलं.

“आम्ही कुठे सांगतोय?” जाडजूड गृहस्थ दुखावून म्हणाले. “कळतंय त्याला काय करणार?”

स्पर्धा थांबली. परीक्षक म्हणून एक वयस्कर बाई होत्या, त्या स्टेजवरून उतरून खाली आल्या. आता काहीतरी सबब सांगून वेळ निभावून न्यावी असं मला वाटत होतं. पण ही उठून उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. सरावातले एकोणीस, कपाट, काचेवरचं वर्तमानपत्र, आणि “पहिली दोन उत्तरं मुलांनी माझ्या तोंडावरून घेतली, ती काढून टाका,” हेसुद्धा. स्टेजवर टाचणीचं तोंड एवढंसं झालं.

परीक्षक बाईंनी चष्मा वर सरकवला. “असं कसं होईल?” त्यांनी हातातल्या गठ्ठ्यातला एक पत्ता हिच्यापुढे धरला आणि चारही पर्याय सावकाश वाचले. हिने ओठ घट्ट मिटले होते.

“तीन,” परीक्षक बाई म्हणाल्या. पत्ता उलटला. “मला हे उत्तर येत नव्हतं.”

“बघा,” ही म्हणाली.

“तुम्ही नसतं सांगितलं तर कोणाला कळलं नसतं, बाई.”

“हो. पण मग मी जन्मभर त्यांच्यासमोर बसू का?”

परीक्षक बाईंनी निर्णय दिला. झालेले पाचही प्रश्न रद्द, सगळ्यांचे गुण शून्य, पुन्हा पहिल्यापासून. आणि या बाईंनी कृपा करून बाहेर बसावं. हिने एकदा वळून स्टेजकडे पाहिलं, तेसुद्धा मुलांच्या पायांकडे, आणि दाराकडे चालायला लागली. अकरा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस आत चालू झाला आणि हिच्या मागे दार बंद झालं. मला फार वाईट वाटलं. मीही उठलो.

बाहेर बोळात एक बाक होता आणि स्टुलावर त्या शाळेचा शिपाई बसला होता. दारावर कर्णा होता, त्यातून सगळं ऐकू येत होतं. ही बाकाच्या टोकाला बसली, हात मांडीवर घट्ट धरून. प्रत्येक प्रश्नाला उत्तर हिच्या चेहऱ्यावर येऊन जायचं, मग “टेबल चार” ऐकू येतं का म्हणून ती श्वास रोखायची. शिपाई टक लावून बघत होता. सहाव्या प्रश्नापासून तोही बरोबर उत्तरं देऊ लागला.

आमच्या मुलांनी पहिल्या चार प्रश्नांना हात लावला नाही. पाचवा घेतला आणि चुकवला. वजा एक. ही म्हणाली, “संपलं.” सातवा ढगाने बरोबर दिला. मग टाचणीने लागोपाठ दोन. मग पुन्हा एक चूक. मग मावशीचा ठसठशीत आवाज, बरोबर. मी बोटांवर हिशेब ठेवत होतो आणि सारखा चुकत होतो. हिला तो न मोजता कळत होता. आणखी एक. आणखी एक.

एकोणीस प्रश्न झाले तेव्हा आतून गुण सांगितले. पहिल्या टेबलाचे सहा, त्यांना आता कोणी धरू शकत नव्हतं. निळ्या स्वेटरवाल्यांचे चार. टेबल चारचे चार. बाकीचे मागे. म्हणजे शेवटच्या प्रश्नावर हिचा तास राहणार की जाणार ते ठरणार होतं. बरोबर दिला तर वर, चुकला तर गणित.

ही उभी राहिली.

“शेवटचा प्रश्न. सूर्यमालेत सर्वांत जास्त चंद्र कोणत्या ग्रहाला आहेत? एक, मंगळ. दोन, गुरू. तीन, शनी. चार, नेपच्यून.”

“गुरू!” हिने माझा हात घट्ट धरला. “येतो त्यांना, येतो! मी दर वर्षी विचारते हा प्रश्न. अहो, माझ्याच गठ्ठ्यातला आहे!”

“दोन नंबर,” शिपाई म्हणाला.

“टेबल चार,” कर्णा म्हणाला.

मग मावशीचा आवाज आला. पहिल्यांदाच त्यात दोन सुना नांदवल्याचा रुबाब नव्हता, सहावीतल्या मुलीचा आवाज होता तो.

“शनी, सर.”

हिने माझा हात सोडला. ती बाकावर बसली. “गेलं,” ती म्हणाली. “घाबरली हो पोर. समोर कोणी नव्हतं ना तिच्या. मी उगाच उठले. निदान मागे कुठेतरी बसायला हवं होतं मी.” तिचे डोळे भरून आले होते.

“शनी,” शटर म्हणालं. “बरोबर.”

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. ही तशीच बसून. “काय म्हणाले?”

“बरोबर म्हणाले.”

“शनी?”

“शनी.”

दार धाडकन उघडलं आणि तिघं बाहेर आली. टाचणी ओरडत होती, ढग कोणाच्या तरी चपलेला अडखळला. मावशी मात्र दोन पावलांवर थांबली आणि खाली बघून म्हणाली, “बाई, परवाच्या मासिकात होतं. शनीचे खूप नवीन चंद्र सापडलेत, तो गुरूच्या पुढे गेलाय. तुमच्या टेबलावर पडलं होतं. शिक्का मारला नव्हता तुम्ही अजून, तरी मी वाचलं. सॉरी.”

शिक्का न मारलेल्या छापील कागदाला हात लावायचा नाही, हा हिच्या खोलीतला सगळ्यात कडक नियम. त्यासाठी हिने एकदा गणिताच्या सरांनाही बाहेर काढलं होतं.

“म्हणजे मी इतकी वर्षं चुकीचं शिकवत होते,” ही म्हणाली.

“आधी बरोबर होतं, बाई,” मावशी समजुतीने म्हणाली. “आता नाही.”

“आणि मी आत बसले असते तर?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. टाचणी म्हणाली, “तर आम्ही गुरू म्हटलं असतं.”

हिने मावशीला जवळ ओढलं. मग एकदम फोन काढला. मुख्याध्यापिकांना लावला. पलीकडून “हॅलो” आलं असेल नसेल, तोच ही बोळभर ऐकू जाईल अशी ओरडली, “मॅडम, मी चुकले!”

पलीकडे त्यांना वाटलं, हरलो. सांत्वन सुरू झालं असावं, कारण बराच वेळ ही नुसती ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “नाही हो, ‘तास जाऊ द्या’ नका म्हणू,” शेवटी ती हसत हसत म्हणाली. “हरलो नाही, दुसरे आलो. पण ते नंतर सांगते. आधी हे ऐका ना. मी साफ चुकले होते, आणि माझ्या मुलीला येत होतं!”